सूचना क्रमांक एकतीस

गोपीनाथ खांबेटे वारले तेव्हा लखनौच्या मराठी मंडळानं त्यांना एका संध्याकाळात वटवृक्ष, आधारवड, दीपस्तंभ आणि महासागर करून टाकलं. वटवृक्ष आणि आधारवड हे एकच झाड, पण वक्ते दोन होते आणि त्यांनी आपसात ठरवून घेतलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची मुलगी देवयानी मांडीवर हात ठेवून मोजत होती. चार रूपकं, तीन उपमा, ‘अवघा उत्तर भारत पोरका झाला’ ही एक अतिशयोक्ती, आणि सूत्रसंचालकाला ठसका लागल्यामुळे अर्ध्यावर राहिलेला एक अनुप्रास. पाच फूट तीन इंच उंचीचा, स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर घालणारा माणूस यांतल्या कशातच दिसत नव्हता.

देवयानीला रडू आलं नाही. लोकांनी तो धीर समजला. निवृत्त प्राध्यापिका आणि मंडळाच्या मान्यवर कवयित्री विभाताई राजोपाध्ये यांनी तिचा हात दाबला. “किती खंबीर आहेस गं!”

“सवय आहे, ताई. मंडळाच्या कार्यक्रमांना मी लहानपणापासून येते.”

विभाताईंनी डोळे पुसले. त्यांना ते कृतज्ञतेसारखं ऐकू आलं असावं.

गोपीनाथराव चौतीस वर्षं मानक नगरातल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत होते. डब्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या रबरी नळ्या कशा असाव्यात हे देशाला लेखी कळवणं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर विकास नगरच्या घरात त्यांनी रविवारचा मराठी वर्ग काढला. वर्गाला येणारी सात मुलं मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. शाळेत त्यांना हिंदीतले अलंकार होते, इंग्रजीतल्या फिगर्स ऑफ स्पीच होत्या, आणि दोन्हींची मिळून इतकी खिचडी झाली होती की निनाद नावाच्या मुलानं ‘उपमा म्हणजे काय’ या प्रश्नाला ‘रव्याचा’ असं उत्तर देऊन वर्गाला बहार आणली होती. तेव्हा गोपीनाथरावांनी पुस्तिका लिहायला घेतली. दोन वर्षं लिहिली. आयुष्यभर विनिर्देश, म्हणजे स्पेसिफिकेशन, लिहिलेल्या माणसाला पुस्तक लिहायची दुसरी रीत ठाऊक नव्हती, म्हणून तिचं नाव ‘साहित्यातील संज्ञा: प्राथमिक विनिर्देश’. कलम एक, व्याप्ती. कलम दोन, सर्वसाधारण व्याख्या. कलम तीन, उपमा. पुढे प्रत्येक संज्ञेला दोन ओळींची व्याख्या, घरातलं एक उदाहरण, आणि लागलीच तर एक टीप.

देवयानी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. गोमती नगरात एकटी राहायची. तीन भाषांतली समीक्षा तिनं हयातभर वाचली होती आणि तिच्यातली बरीचशी क्रमांक देऊन कपाटात बंद केली होती. पण बाबांच्या कलम सहाशी आल्यावर तिला चष्मा काढून ठेवावा लागला. ‘अनन्वय: एखाद्या गोष्टीला तिच्याखेरीज दुसरी उपमाच न सापडणे. उदाहरण: सुहासिनीसारखी सुहासिनीच.’ सुहासिनी म्हणजे तिची आई. सहा वर्षांपूर्वी गेली. त्या घरात आई कधी रागावली, काय म्हणाली, कशाला हसली, याची उरलेली एकमेव लेखी नोंद म्हणजे ही बेचाळीस पानं.

मंडळाच्या प्रकाशन समितीनं ती छापायचं ठरवलं. समिती तिघांची: अध्यक्ष लक्ष्मीकांत चौबळ, सदस्य विभाताई, आणि बाबांची जागा रिकामी झाली म्हणून देवयानी. चौबळकाका संस्थेत बाबांचे साहेब होते. वय अठ्ठ्याहत्तर, आणि कागद फिरल्याशिवाय जगात काही चांगलं घडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. कोणताही विनिर्देश छापण्याआधी त्याचा मसुदा संबंधितांकडे सूचनांसाठी पाठवायचा, ही संस्थेची पद्धत. त्यांनी या मसुद्यालाही तीच लावली. मुदत तीस दिवस. विहित नमुना पाच रकान्यांचा: अनुक्रमांक, कलम, सूचना, समर्थन, निर्णय. शेवटचा रकाना मसुदा लिहिणाऱ्यानं भरायचा.

“तो हयात नसेल तर?” देवयानीनं विचारलं होतं.

“असं पूर्वी एकदाच झालं,” चौबळकाका गंभीरपणे म्हणाले. “डब्यांच्या बफरच्या मसुद्याच्या वेळी. तेव्हा पुढच्या अधिकाऱ्यानं भरला. तू भर.”

रेल्वेतून निवृत्त झालेल्या अकरा मराठी अभियंत्यांना मसुदा गेला. ज्या माणसांनी शेवटची कविता दहावीत पाठ केली होती आणि अकरावीत विसरली होती, त्यांनी तो शब्दन् शब्द वाचला. समितीतल्या दोघांच्या धरून छत्तीस सूचना आल्या.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी समिती बाबांच्याच बैठकीच्या खोलीत जमली. बारा वाजता मुलांचा वर्ग, तो आता देवयानी घ्यायची. तोवर हे उरकायचं होतं. चौबळकाका लाकडी तख्तावर, विभाताई वेताच्या खुर्चीत, मध्ये खस्ता कचोऱ्यांची पुडी. देवयानीनं तक्ता आदल्या आठवड्यातच भरून ठेवला होता. चौबळकाकांनी तो हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली.

“सूचना एक. कलम तीन, उपमा. ‘आईच्या पोळ्या कागदासारख्या पातळ.’ सूचना: कागदाचा जीएसएम नमूद करावा. निर्णय: अस्वीकृत.” त्यांनी वर पाहिलं. “कारण लिहिलंयस, ‘पोळ्या संपल्या आहेत, मोजता येणार नाहीत.’”

“संपल्याच आहेत, काका.”

“हं. सूचना चार. अतिशयोक्ती. ‘विकास नगरच्या बाजारात सब्जीचा भाव करता करता माझी दाढी पांढरी झाली.’ सूचना: वस्तुस्थितीशी विसंगत, पुरावा जोडावा. अस्वीकृत. सूचना सात. चेतनगुणोक्ती. ‘जूनमध्ये कूलर रात्रभर कुरकुरत होता, त्यालाही लखनौ सोडायचं होतं.’ सूचना: बेअरिंगला तेल घालावं.”

“ती मी ‘नोंद घेतली’मध्ये टाकलीय. तेल खरंच घालायला हवं.”

“नऊ माझीच आहे,” चौबळकाका म्हणाले. “कलम सहा. ‘सुहासिनीसारखी सुहासिनीच.’ माझं म्हणणं असं की विनिर्देशात एकाच पुरवठादाराचं नाव घालता येत नाही. ऑडिट आक्षेप घेतं. ‘सुहासिनी किंवा तत्सम’ असं करावं. तू अस्वीकृत केलंस.”

“हो.”

“कारण लिहिलेलं नाही.”

“तत्सम मिळालं असतं तर बाबांनी सहा वर्षांत चौकशी केली असती, काका.”

चौबळकाकांनी तक्ता मांडीवर ठेवला. मग खिशातून पेन काढून त्यांनी कारणाच्या जागी लिहिलं: ‘तत्सम उपलब्ध नाही.’ आणि खाली सही केली. त्यांच्याकडून एवढं येणं म्हणजे इतरांनी गळ्यात पडून रडण्यासारखं होतं.

विभाताईंनी खस्त्याचा तुकडा मोडला. “बाकी सगळं ठीक आहे गं, पण उदाहरणं जरा घरगुती आहेत. पोळ्या, कूलर, सब्जी. साहित्य म्हटलं की मन कसं वर उचललं गेलं पाहिजे. मी म्हटलं होतं, माझ्या दोन संग्रहांतून हव्या तेवढ्या ओळी घ्या.”

“घेतल्या असत्या, ताई. पण मुलांना आधी पोळी समजू दे. चांदणं एकदम पचत नाही.”

“तेही खरं,” विभाताई म्हणाल्या, आणि खूश झाल्या.

काम भराभर पुढे सरकलं. निवेदकाच्या कलमावर कुणी लिहिलं होतं: निवेदक विश्वासार्ह नसल्यास त्याला काढून दुसरा नेमावा. प्रतीकाच्या कलमात बाबांनी भिंतीवरच्या सहा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरचं उदाहरण दिलं होतं. त्यावर सूचना होती, नवीन कॅलेंडर मंडळाकडून मोफत मिळेल. शोकांतिकेवर एका माजी मुख्य अभियंत्यानं विचारलं होतं, शेवटात सुधारणेला वाव आहे काय. देवयानीनं सगळीकडे ‘अस्वीकृत’ लिहिलं होतं, आणि प्रत्येकासमोर एकेक कारण, ते वाचताना चौबळकाकांच्या भुवया वर जात होत्या. आपण बोलतो ते टोचतं हे तिला माहीत होतं. अडीच महिने ती एवढ्यावरच उभी होती.

“तीस, अस्वीकृत,” चौबळकाका म्हणाले. “एकतीस. कलम एकोणीस, उपरोध. ही विभाची.” त्यांनी पान फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. “ही स्वीकृत?”

“हो,” देवयानी म्हणाली. “पुढे चला.”

“थांब. छत्तीसपैकी एकच स्वीकृत?”

विभाताई सरसावून बसल्या. “माझी आहे म्हणून नाही हो चौबळ, पण ते उदाहरण नकोच. वाचा तुम्ही.”

चौबळकाकांनी मसुदा उघडला आणि ब्रेकची नळी वाचावी तसं वाचलं. “‘कलम एकोणीस. उपरोध: मनात असते त्याच्या नेमके उलट बोलून टोचणे. उदाहरण: एक मुलगी फोनवर वडिलांना म्हणते, “आधी पुस्तक पुरं करा, बाबा. हृदयाला कसली घाई आहे!” टीप: हा प्रकार घरगुती वापरासाठी आहे. बाहेर वापरल्यास माणसे दुखावतात.’”

देवयानी खस्त्यांच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत होती.

डिसेंबरातला बुधवार होता. बाबांनी फोनवर सहज सांगितलं होतं की जिना चढताना हल्ली धाप लागते. तिनं म्हटलं, उद्या येते, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, एवढं कलम एकोणीस होऊ दे, उपरोधाचं उदाहरण काही सापडत नाहीये. आणि तिनं ते वाक्य टाकलं होतं, आणि फोन ठेवला होता. नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, याच वेताच्या खुर्चीत ते गेले. उदाहरण त्यांना सापडलं होतं हे तिला फेब्रुवारीत मसुदा वाचताना कळलं. ते वाक्य अक्षरशः तसंच होतं. उद्गारचिन्हसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं.

तेव्हा विभाताईंची सूचना आली, त्या दिवशी देवयानीला त्यांच्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा प्रेम वाटलं. छापलेली पुस्तिका शंभर घरांत जाणार होती. त्यातून हे वाक्य गेलं की संपलं. कुणाला कळणारही नव्हतं, आणि काढणारी ती नसून विहित नमुना असणार होता.

“कोणती मुलगी वडिलांना असं बोलेल?” विभाताई म्हणत होत्या. “आजारी माणसाला? शत्रूसुद्धा बोलत नाही. गोपीनाथरावांसारख्या देवमाणसाला हे सुचलं तरी कुठून, मला नवल वाटतं.”

“मलाही,” देवयानी म्हणाली. “म्हणूनच स्वीकृत. पुढची घ्या, काका.”

“पुढची कशी घेऊ? कलम रिकामं राहतं. उदाहरण वगळलं तर पर्यायी उदाहरण द्यावं लागेल. तू दे.”

“मी?”

“मग कोण? तुला काय कमी आहे? सकाळपासून दुसरं करतेयस काय तू?”

देवयानीनं तोंड उघडलं. सकाळपासून तिनं दर दोन मिनिटांनी एक उपरोध टाकला होता. आता एकही येईना. जे सुचे त्याच्या पाठीमागून तेच वाक्य डोकावे, त्याच आवाजात, तिच्याच.

“माझ्याकडे आहे,” विभाताईंनी वही उघडली. “ऐका. ‘हे चंद्रा, किती निष्कलंक तू! डाग तुझ्यावर कुठेच नाही!’”

“चंद्रावर डाग आहे,” चौबळकाका म्हणाले.

“म्हणूनच उपरोध.”

“मग आहे असंच सरळ का नाही लिहीत?”

“अहो, सरळ लिहिलं तर उपरोध कसा राहील?”

“पण चंद्राला टोचून उपयोग काय? तो कारवाई काय करणार?”

“चालेल,” देवयानी घाईनं म्हणाली. “चंद्र घ्या. चांगला आहे चंद्र.”

“आंटी, वो वाला मत हटाइए ना.”

दारात उत्कर्षा उभी होती. हवाई दलातल्या एका सार्जंटची मुलगी, मूळची साताऱ्याकडची, नववीत. वर्गाला अर्धा तास आधी यायची आणि व्हरांड्यातल्या बुटक्या वेताच्या मोड्यावर बसून मोबाइल पाहायची. आज तिनं मोबाइल सोडून आतलं ऐकलं होतं.

“अगं, मोठी माणसं बोलताहेत ना?” विभाताई म्हणाल्या.

“सॉरी, आंटी. पण ते उदाहरण सरांनी आम्हाला... मतलब उसपे तो होमवर्क मिला था. चाँद वाला तो समझ में ही नहीं आएगा किसी को. चाँद को कौन डाँटता है, यार.” मग चौबळकाकांकडे पाहून, “सर.”

“कसलं होमवर्क?” देवयानीनं विचारलं.

“सर ने बोला था, इस लड़की ने जो कहा वो छोड़ो, जो नहीं कहा वो लिखो. एक वाक्यात. मराठीत.” उत्कर्षा कपाटापाशी गेली आणि खालच्या फळीवरून वह्यांचा गठ्ठा काढून तिनं तख्तावर ठेवला. “बाकी सबने अगले दिन ही दे दिया था, सर ने चेक भी किया था.”

देवयानीनं वरची वही घेतली. तारीख डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारची होती. बुधवारनंतरच्या चौथ्या दिवसाची.

निनादच्या वहीत लिहिलं होतं: ‘बाबा प्लीज डॉक्टर के पास चलो.’ लाल शाईत बरोबरची खूण. शेजारी: ‘उत्तर बरोबर. मराठीत लिही.’

दुसरी वही. ‘मुलगी घाबरलेली आहे म्हणून रागावली आहे.’ खूण. ‘उत्तम. दहा.’

तिसरी. ‘उसे बुक पसंद नहीं है.’ ‘हेही शक्य आहे. पाच गुण.’

चौथी. ‘बाबांना हार्टचा प्रॉब्लेम आहे आणि त्यांनी घरी कमी सांगितला.’ इथे लाल पेन बराच वेळ टेकून राहिलेलं दिसत होतं. शाईचा ठिपका पसरला होता. मग, बारीक अक्षरात: ‘तुला कोणी सांगितले? दहा.’

पाचव्या वहीतलं उत्तर तीनच शब्दांचं होतं. ‘बाबा, मरू नका.’ त्यावर शेरा नव्हता. नुसती खूण होती, आणि खुणेच्या खाली, वर्गातल्या मुलाला काहीच अर्थ लागणार नाही अशी, गुणांच्या जागी लिहिलेली एक ओळ: ‘माहीत आहे.’

देवयानीनं ती वही मिटून मांडीवर ठेवली. सहावी तिनं उघडली नाही.

“काय लिहिलंय?” विभाताईंनी मान पुढे केली. “बघू. मुलांना बिचाऱ्यांना काय कळणार त्यातलं.”

“मुलांना कळलंय, ताई,” देवयानी म्हणाली. “कोणती मुलगी असं बोलेल म्हणालात ना? मी. डिसेंबरमध्ये. फोनवर.”

विभाताईंचा हात खस्त्यावरच राहिला. मग त्या म्हणाल्या, “अगं बाई.” थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या. जिनं दोन संग्रहांत अश्रूंना अठ्ठेचाळीस उपमा दिल्या होत्या त्या बाईला याहून वेगळं काही सापडलं नाही, आणि देवयानीला त्या अडीच महिन्यांत ऐकलेल्या सगळ्या सांत्वनांत ते सर्वांत बरं वाटलं.

चौबळकाका भिंतीकडे पाहत होते. ते म्हणाले, “मग निर्णय बदलायचा?”

“हो.”

“कारण?”

“उदाहरण अचूक आहे. व्याख्येत बसतं. सहा जणांनी तपासून पाहिलंय.”

“पुरेसं आहे,” चौबळकाका म्हणाले. तक्ता त्यांनी तिच्यासमोर ठेवला. “पण खाडाखोड केलीस तर बाजूला सही कर. नुसतं खोडलेलं चालत नाही.”

तिनं ‘स्वीकृत’ खोडलं, ‘अस्वीकृत’ लिहिलं, आणि बाजूला पूर्ण नाव लिहून सही केली. देवयानी गोपीनाथ खांबेटे. कार्यालयात ती नुसती आद्याक्षरं टाकायची.

“बत्तीस,” चौबळकाका म्हणाले, पण चष्मा त्यांनी काढला होता, त्यामुळे बत्तीस वाचता येईना. ते उठले. “जरा पाणी पिऊन येतो. विभा, तुलाही हवंय का?” दोघं आत गेले. स्वयंपाकघरात बराच वेळ कुणी नळ उघडला नाही.

उत्कर्षा तख्ताशीच उभी होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

“आंटी, आय ॲम सॉरी. मुझे नहीं पता था वो आप हैं. सरांनी नाव नाही सांगितलं.”

“नाही सांगायचे ते. चांगले लेखक होते.”

“एक बात पूछूँ?” तिनं गठ्ठ्याच्या तळातून सातवी वही ओढली. “माझं चेक नाही झालं. मैं सातारा गई थी, दीदी की शादी में. लेट लिखा. वापस आई तो सर...” ती थांबली. “तो आप चेक कर दीजिए. मतलब, आपको तो आन्सर पता है ना.”

देवयानीनं तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. राहिलेलं काम होतं, आणि ते करू शकणारं माणूस समोर होतं, एवढंच.

बाबांच्या टेबलावरच्या पेल्यात लाल पेन होतं. तिनं घेतलं, झटकलं. वहीत उत्कर्षाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तिला वाटतं बाबांना राग आला तर ते रागारागात तरी डॉक्टरकडे जातील.’

तिनं ते दोनदा वाचलं. बुधवारी, फोन ठेवल्यानंतरच्या त्या क्षणात, तिच्या मनात नेमकं हेच होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे जे झालं त्यानंतर तिला स्वतःलाही ते खरं वाटेनासं झालं होतं. ती खूण करायला गेली, थांबली, आणि तिनं लिहिलं: साडेनऊ.

“अर्धा किस बात का काटा?” उत्कर्षा लगेच म्हणाली.

“तिनं नंतर दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलली.”

“तो?”

“म्हणजे तिला तेवढी काळजी नव्हती. तुझ्या उत्तरात ते यायला हवं होतं.”

उत्कर्षानं मसुद्यातलं कलम एकोणीस पुढे ओढून बोटानं ओळ दाखवली. “पर आंटी, वो तो यहाँ है ही नहीं. इथे फक्त हे वाक्य आहे. सर हमेशा बोलते थे, जो लिखा है उसी में से निकालो, अपने घर का मत जोड़ो. ऐसे तो कोई भी कुछ भी जोड़ेगा.”

“सर म्हणायचे?”

“हर संडे.”

देवयानीनं वाक्य पुन्हा वाचलं. आठवड्याभरात तिनं पस्तीस सूचना नाकारल्या होत्या आणि प्रत्येकीला उत्तर दिलं होतं. ही सूचना मात्र नाकारता येत नव्हती. मुलीचं म्हणणं नियमाला धरून होतं.

तिनं साडेनऊ खोडलं आणि दहा लिहिले.

“सही,” उत्कर्षा म्हणाली. “काकांनी सांगितलं ना आता.”

देवयानीनं सही केली. शाईवर काहीतरी पडलं आणि दहातला ‘द’ फुगला. उत्कर्षानं वही हळूच ओढून घेतली, फुंकर मारून वाळवली, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकीच्यांना सांगितलं की क्लास आज दस मिनट लेट शुरू होगी.